येरवड्यात न्यायालयीन कोठडीत असलेल्या नातेवाइकाला पैसे कसे पाठवायचे?

नीरा_काठ

मामेभाऊ सध्या न्यायालयीन कोठडीत आहे, येरवडा मध्यवर्ती कारागृहात. आधी पोलीस कोठडी झाली, मग इकडे पाठवलं. आरोपपत्र अजून दाखल झालेलं नाही. मामी सातारा जिल्ह्यात गावाकडे असते, स्मार्टफोन वापरत नाही. आत साबण-तेलापासून सगळ्याला पैसे लागतात असं वकिलांच्या कारकुनाने सांगितलं, पण पाठवायचे कसे यावर प्रत्येकाचं वेगळंच. कोणी म्हणतं मुलाखतीला (तुरुंगातल्या भेटीला) जाल तेव्हा हातात द्या, कोणी म्हणतं तिथल्या कोणाच्या तरी नंबरवर फोनपे करा.

नेमकं विचारायचंय ते असं. अधिकृत मार्ग कोणता? पत्ता कसा लिहायचा? महिन्याला किती चालतात? पोहोचले हे कसं कळतं? आणि मामीने जामिनासाठी थोडे पैसे जमवलेत, तेही त्याच्या तिथल्या खात्यावर टाकून ठेवावेत का, असं ती विचारते आहे.

विधीसेवक

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे चूक झाली तर निस्तरायला फार त्रास होतो. जामिनाचे पैसे तुरुंगात अजिबात पाठवू नका. जामीन न्यायालयात भरतात. तुरुंगातलं खातं फक्त आतल्या रोजच्या खर्चापुरतं असतं. तिथे गेलेली रक्कम जामिनासाठी वळवता येत नाही, ती सोडवून घ्यायला अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. जामिनाबद्दल इथले वकील सविस्तर सांगतील.

आता खर्चाचे पैसे. बंद्याला, म्हणजे कैद्याला, स्वतःजवळ रोख बाळगता येत नाही. तुरुंगात प्रवेश होतो तेव्हा गेटवर झडती होते, अंगावरचे पैसे लिहून घेतात आणि त्याच्या नावावर जमा करतात. पुढे बाहेरून येणारी मनीऑर्डर त्याच नावावर चढते. त्या शिलकेतून तो तुरुंगाच्या कॅन्टीनमध्ये खरेदी करतो. कुठे कुपनं देतात, कुठे थेट नोंदीतून वजा करतात, पद्धत कारागृहागणिक वेगळी असते, पण नोट त्याच्या हातात कुठेच पडत नाही. म्हणून "हातात द्या" हा सल्ला मुळातच चुकीचा. मुलाखत काचेपलीकडून होते, हातात द्यायची सोयच नाही, आणि कपड्यांच्या घडीत, चपलेत, पुस्तकात लपवून पाठवलं तर तो गुन्हा होतो. कच्च्या कैद्याला (ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही) बाहेरून आपल्या खर्चाने काही गोष्टी मिळवण्याचा हक्क १८९४ च्या कारागृह कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे, पण तपासणी आणि नियम यांच्या चौकटीत. त्याच कायद्याचं कलम ४२ मनाई असलेली वस्तू आत पोचवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगतं. हे कलम नातेवाइकालाही लागतं. आणि आत भावाची मुलाखत, कॅन्टीन बंद होऊ शकतं ते वेगळंच.

मार्ग एकच धरा: पोस्टाची मनीऑर्डर, त्याच्या नावाने, तुरुंगाच्या पत्त्यावर. काही कारागृहांत मुलाखतीच्या खिडकीवर नातेवाइकाकडून रोख घेऊन पावती देतात. तुमच्याकडे कोणी पुण्याला जाणार असेल तर खिडकीवर विचारावं. पावती मिळत नसेल तर एक रुपयाही देऊ नये.

पत्त्यात पुढच्या गोष्टी हव्यात, याच क्रमाने, कारण फॉर्मवर जागा कमी असते आणि शेवटचं तुटलं तरी चालावं:

पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. बंदी क्रमांक. मग "मार्फत अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, येरवडा, पुणे ४११००६".

नाव आधार कार्डावरचं नको, न्यायालयाच्या वॉरंटवर आहे तसं लिहा. तुरुंगातली नोंद वॉरंटवरून होते. पोलिसांनी "बाळू ऊर्फ बाळासाहेब" लिहिलं असेल तर तुरुंगातही तेच असतं. सगळ्यात जास्त मनीऑर्डरी नावाच्या घोळामुळे अडकतात. येरवड्यासारख्या ठिकाणी हजारो बंदी असतात. एकाच नावा-आडनावाचे दोघे-तिघे सहज निघतात, तिथे वडिलांचं नाव आणि क्रमांक यांवरच सगळं ठरतं.

क्रमांक कुठून मिळेल? मुलाखतीच्या चिठ्ठीवर असतो, तो स्वतः फोनवर किंवा पत्रात सांगू शकतो, वकील कारागृहातून काढू शकतात. अजून मिळालेला नसेल तर क्रमांकाच्या जागी पोलीस ठाण्याचं नाव आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक लिहा, त्यावरूनही माणूस ओळखता येतो.

एक खबरदारी. येरवड्याला मध्यवर्ती कारागृह, महिला कारागृह आणि खुलं कारागृह ही वेगवेगळी आहेत. नुसतं "येरवडा जेल" लिहू नका. इतर ठिकाणीही बोलीतलं नाव आणि कागदावरचं नाव निराळं असतं. आर्थर रोड म्हणजे मुंबई मध्यवर्ती कारागृह, आधारवाडी म्हणजे कल्याण जिल्हा कारागृह, कळंबा म्हणजे कोल्हापूर मध्यवर्ती, हर्सूल म्हणजे छत्रपती संभाजीनगर मध्यवर्ती. तळोजा कारागृह प्रत्यक्षात खारघरला आहे, त्यामुळे पिनकोड चुकतो.

टपाल_बटवडा

वरच्या प्रतिसादात पोस्टाची बाजू जोडतो.

आता जी मनीऑर्डर जाते ती संगणकावरून जाते, ई-मनीऑर्डर म्हणतात. एका मनीऑर्डरीची कमाल मर्यादा ५००० रुपये. कमिशन दर २० रुपयांना किंवा त्याच्या भागाला १ रुपया, म्हणजे ५ टक्के. १००० ला ५०, २००० ला १००, ४५०० ला २२५. हे पैसे पाठवणाऱ्याने वेगळे भरायचे असतात, पाठवलेल्या रकमेतून कापले जात नाहीत. रक्कम २० च्या पटीत ठेवा. १५०० ला ७५ रुपये कमिशन पडतं, १५१० ला ७६. दर ५ टक्केच असल्यामुळे महिन्यातून एकदा ३००० पाठवा की दोनदा १५००, कमिशन तेवढंच, १५० रुपये. त्यामुळे "एकदम पाठवलं की स्वस्त पडतं" हा समज सोडून द्या.

मामींनी गावातल्या शाखा डाकघराऐवजी जवळच्या उपडाकघरात जावं, म्हणजे नोंद समोर होते आणि छापील पावती लगेच मिळते. फॉर्म मराठीत भरला तरी चालतो, लिहिता येत नसेल तर काउंटरवर किंवा सोबतच्या माणसाकडून भरून घ्यावा. पण संगणकात नाव बहुतेक ठिकाणी इंग्रजी अक्षरांत टंकतात, आणि गडबड नेमकी तिथे होते. वॉरंटवर किंवा वकिलांच्या कागदावर इंग्रजीत जे स्पेलिंग आहे ते एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून कारकुनासमोर ठेवा. पावती हातात आली की काउंटर सोडायच्या आधी तीन गोष्टी वाचून घ्या: नाव, बंदी क्रमांक, पिनकोड. चूक तिथल्या तिथे सुधारता येते. एकदा नोंद पुढे गेली की अर्ज करून वाट पाहावी लागते.

पाठवणाऱ्याच्या रकान्यात मामींचं पूर्ण नाव, पत्ता आणि चालू मोबाईल नंबर हवा. तुरुंगात "पैसे कोणाकडून आले" हे बघितलं जातं. पाठवणाऱ्याचं नाव अर्धवट असेल किंवा ओळख पटली नाही तर अडचण येऊ शकते. शिवाय मनीऑर्डर परत आली तर याच पत्त्यावर येते. परत आलेल्या मनीऑर्डरीचं मुद्दल मिळतं, कमिशन मिळत नाही.

पावतीवर १८ अंकी क्रमांक असतो. पोस्टाच्या संकेतस्थळावर तो टाकला की रक्कम दिली गेली का हे कळतं. स्मार्टफोन नसेल तर कुठल्याही संगणकीकृत डाकघरात पावती दाखवून विचारता येतं. इथे एक गोष्ट समजून घ्या: "रक्कम अदा" असं दिसलं म्हणजे पोस्टाने ती कारागृहाकडे दिली एवढंच. भावाच्या नावावर चढून कॅन्टीनला वापरता येईपर्यंत आणखी काही दिवस जातात. पोस्टाचे आणि तुरुंगाचे मिळून आठवडा धरून चला, मध्ये दिवाळी-गणपतीच्या सुट्ट्या आल्या तर जास्त. "आत अजून आले नाहीत म्हणतो" असं म्हणून घाईने दुसरी मनीऑर्डर करू नका.

पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं आणि मनीऑर्डर यांत गल्लत करू नका. पेमेंट्स बँकेतून पैसे बँकखात्यात जातात. तुरुंगात मनीऑर्डर पोचते.

मनीऑर्डरीसोबत निरोप पाठवायचा तर ठरावीक संदेशांतून निवडावा लागतो. मोकळं लिहायचं असेल तर आंतर्देशीय पत्र वेगळं पाठवा. पत्र वाचूनच आत देतात, त्यामुळे खटल्याबद्दल काही लिहू नये.

नीरा_काठ

दोघांचेही खूप आभार. मामीला वाचून दाखवलं. आणखी दोन गोष्टी.

एक, रकमेची मर्यादा किती आणि खरोखर लागतात किती? मोठा मामा म्हणतो दर महिन्याला जास्तीत जास्त पाठवू, पोराची आबाळ नको.

दोन, काल मामाला एक फोन आला. बोलणारा म्हणाला की भाऊ आजारी आहे, दवाखान्यात न्यायचंय, औषधाला पाच हजार अमुक नंबरवर टाका. त्याला भावाचं नाव आणि गुन्ह्याचं कलमही माहीत होतं. मामा घाबरलाय.

काळा_कोट

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर आधी: पैसे टाकू नका, मामांना लगेच सांगा.

बंद्याच्या उपचाराचा खर्च शासनाचा. कारागृहात डॉक्टर असतात, बाहेर न्यावं लागलं तर पुण्यात ससून रुग्णालयात नेतात, आणि त्यासाठी नातेवाइकाकडून कोणी यूपीआयवर पैसे मागत नाही. नाव आणि कलम माहीत असणं हा कसलाही पुरावा नाही. प्रथम खबर अहवाल बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढतो, न्यायालयाच्या संकेतस्थळावर खटल्याची माहिती दिसते, स्थानिक वर्तमानपत्रात नाव छापून येतं. एवढ्यावर असे फोन केले जातात. कारागृहाच्या कार्यालयात फोन करून किंवा वकिलांमार्फत भाऊ कसा आहे ते विचारा. खरोखर आजारी असेल तर वकील न्यायालयात अर्ज देऊन कारागृहाकडून वैद्यकीय अहवाल मागवू शकतात. आलेल्या फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. पैसे गेलेच असते तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तासाभरात कळवणं महत्त्वाचं, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येते.

याचाच दुसरा प्रकार अधिक अवघड असतो. भाऊच मुलाखतीत किंवा फोनवर सांगतो, "बॅरेकमधल्या अमक्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर दोन हजार टाका." कधी ती आतली उधारी असते, बहुतेक वेळा ती खंडणी असते. पहिल्यांदा दिलेत की रक्कम वाढत जाते, कारण घरचे देतात हे समजलेलं असतं. शिवाय त्या खात्याचा मालक कुठल्या गुन्ह्यातला आहे तुम्हाला माहीत नसतं. उद्या त्या खात्याची चौकशी झाली तर तुमचं नाव व्यवहारात निघतं. देऊ नका, पण भावाला एकटंही सोडू नका. अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढच्या तारखेला, प्रत्यक्ष असो की व्हिडिओवरून, तो स्वतः न्यायाधीशांना सांगू शकतो, वकिलांनी त्यासाठी वेळ मागून घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि विधी स्वयंसेवक कारागृहात भेटी देतात, त्यांच्याकडे तक्रार देता येते, १५१०० या क्रमांकावरही. बॅरेक बदलून मागणं ही पूर्णपणे रास्त मागणी आहे.

तुरुंगातला कर्मचारी "मी पोचवतो" म्हणाला तरी तेच. ती लाच होते, आणि पैसे पोचले नाहीत तर विचारायला तोंड राहत नाही.

आता जामीन. जामीन मंजूर झाला की आदेशात दोन-तीन प्रकार असतात. वैयक्तिक जातमुचलका, म्हणजे फक्त लिहून देणं. जामीनदार, म्हणजे अमुक रकमेची हमी घेणारा माणूस. आणि रोख जामीन. "पंचवीस हजारांचा एक जामीनदार" असं लिहिलं म्हणजे पंचवीस हजार भरायचे असं नाही, हे मामींना नीट समजावून सांगा. खूप घरांत या गैरसमजापायी कर्ज काढलं जातं. जामीनदाराने आपली तेवढी ऐपत कागदाने दाखवायची असते: सातबारा उतारा, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक, सोबत ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा. सातबारा ताजा काढलेला असावा आणि त्यावर कर्जाचा बोजा किती आहे ते आधी बघा. बोजा जमिनीच्या किमतीइतका असेल तर जामीनदार नाकारला जातो.

ऐपतीच्या दाखल्याला वेळ लागतो. तोवर काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन मागता येतो आणि न्यायालयं तो बऱ्याचदा देतात. मामींनी जमवलेले पैसे खरे इथे लागतील, म्हणून ते हाताशी, मामींच्या स्वतःच्या खात्यात ठेवा. रोख जामीन न्यायालयात नाझराकडे (पैशांचे व्यवहार बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) भरतात. पावती भरणाऱ्याच्या नावाची घ्या आणि जिवापाड जपा, खटला संपल्यावर रक्कम त्या पावतीवर परत मिळते. पावती वकिलांच्या फाईलमध्ये न ठेवता घरी ठेवा, त्यांच्याकडे झेरॉक्स द्या. मग न्यायालयाचा मुक्ततेचा आदेश कारागृहात पोचावा लागतो. तो संध्याकाळी उशिरा पोचला तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, तेव्हा पैसे सकाळीच भरलेले बरे.

पैसेच नसतील तर २०२३ साली केंद्र सरकारने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. त्या वेळच्या आदेशात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून सरकतो. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार अशा गुन्ह्यांना ती लागू नाही. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो.

विधीसेवक

रकमेचं राहिलं होतं.

मर्यादा कारागृह विभाग ठरवतो आणि ती वाढत आली आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका गाजलेल्या प्रकरणात आरोपीला घरून ४५०० रुपयांची मनीऑर्डर आली होती आणि महिन्याला तेवढीच परवानगी आहे असं सगळीकडे छापून आलं. त्यानंतर आकडा वर गेला. आजचा आकडा मुलाखतीच्या खिडकीवर किंवा कारागृहाच्या कार्यालयात फोन करून विचारा, एका मिनिटाचं काम आहे.

ही मर्यादा बंद्यामागे असते, पाठवणाऱ्यामागे नाही. मामी, मामा आणि तुम्ही तिघांनी वेगवेगळी पाठवलीत तर बेरीज मर्यादेबाहेर जाईल आणि वरची रक्कम परत येईल किंवा अडकून पडेल, कमिशन तेवढं वाया. घरातल्या एकाच माणसाने पाठवायचं असं ठरवा, बाकीच्यांनी त्याच्याकडे द्यावेत. पाठवायची तारीखही ठरवून घ्या, महिन्याच्या ५ ते १० तारखेच्या दरम्यानची. २८-३० ला केलेली मनीऑर्डर पुढच्या महिन्यात जमा होते आणि मग त्या महिन्याच्या दुसऱ्या मनीऑर्डरीशी तिची टक्कर होते.

मोठ्या मामांचा जीव तुटतो हे समजतं, पण मर्यादेइतके पाठवू नका. जेवण, पाणी, अंथरूण-पांघरूण तुरुंगाचं असतं. कॅन्टीनमधून अंगाचा आणि कपड्यांचा साबण, दंतमंजन, तेल, चहा-बिस्किटं, फरसाण, वही-पेन, पाकिटं असं घेतलं जातं. साधा राहणारा माणूस दीड-दोन हजारांत महिना काढतो. विडी-तंबाखूचं व्यसन असेल किंवा दुधाचं, अंड्यांचं पथ्य असेल तर जास्त लागतं. ज्याच्या नावावर कायम मोठी शिल्लक आहे असं कळतं त्याच्याकडे बॅरेकमध्ये मागणारे वाढतात, वर काळ्या कोटवाल्यांनी सांगितलेला प्रकार तिथूनच सुरू होतो.

फक्त पहिली मनीऑर्डर थोडी मोठी करा, अडीच-तीन हजारांची. बादली, मग, टॉवेल, चपला अशी सुरुवातीची खरेदी एकदाच असते. कपडे मात्र मुलाखतीला जाताना घरून द्या. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात. साधे, सुती, नाडीशिवायचे, खाकी रंगाचे नकोत. घरचं जेवण न्यायालयाच्या आदेशाशिवाय आत घेत नाहीत, डबा घेऊन हेलपाटा घालू नका.

हडपसर_ईस्ट

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. दीड-दोन हजार हा आकडा एकट्याचा आहे. आत तीन-चार जण मिळून कॅन्टीनचं सामान घेतात, वाटून खातात, आणि ज्याच्या नावावर काहीच येत नाही त्याला मान खाली घालून राहावं लागतं, लोकांचे कपडे धुवावे लागतात. त्यामुळे कमी पाठवा हे बरोबर, पण खंड पडू देऊ नका. एका महिन्यात चार हजार आणि मग तीन महिने शून्य, यापेक्षा दर महिन्याला हजार केव्हाही चांगले. घरच्या परिस्थितीला जेवढं झेपेल तेवढंच ठरवावं, पण ते चुकवू नये.

आणखी एक, फोन. येरवड्यात स्मार्टकार्डावरच्या फोनची सोय आहे. घरच्यांचे नंबर आधी पडताळून नोंदवले जातात, त्यामुळे मामींचा तोच नंबर चालू ठेवा, सिम बदलू नका. सिम बदललं की पडताळणी पुन्हा पहिल्यापासून.

शारजा_मराठी

इथे आखातात असलेल्यांसाठी विचारतो. आमच्या कंपनीतल्या एकाचा भाऊ नाशिकरोड कारागृहात आहे. बाहेरून थेट पाठवता येतात का?

टपाल_बटवडा

नाही. ई-मनीऑर्डर देशातल्या देशात. परदेशातून येणाऱ्या झटपट सेवांत पैसे घेणाऱ्याने स्वतः ओळखपत्र घेऊन खिडकीवर जावं लागतं, बंद्याला ते शक्य नाही. भारतातल्या आई-वडिलांच्या किंवा बायकोच्या बँकखात्यावर पाठवा, त्यांनी मनीऑर्डर करावी. कोणा मित्राच्या खात्यावरून फिरवू नका, पाठवणारा नात्यातला असला की तुरुंगात प्रश्न कमी येतात. नाशिकरोडचा पिन ४२२१०१.

नीरा_काठ

फोन करणाऱ्याला मामाने नकार दिला. वकिलांनी चौकशी केली, भाऊ बरा आहे. बंदी क्रमांकही मिळाला. मामी सोमवारी २५०० ची करणार आहे.

शेवटचं विचारते. त्याला दुसऱ्या कारागृहात हलवतील असं कानावर आलंय. मग शिलकीचं काय होतं? आणि अटकेच्या वेळी खिशात असलेले पैसे कुठे गेले असतील?

विधीसेवक

तसं असेल तर सोमवारची मनीऑर्डर आठवडाभर थांबवा. हलवल्यावर शिल्लक मागोमाग नव्या कारागृहात पाठवतात, पण ती माणसाबरोबर त्याच दिवशी पोचत नाही, आणि नव्या ठिकाणी बंदी क्रमांक बदलतो. जुन्या पत्त्यावर वाटेत असलेली मनीऑर्डर परत येते किंवा पत्ता बदलून पुढे जाते, दोन्हींत वेळ जातो. नव्या ठिकाणाहून क्रमांक कळला की मग करा. शिल्लक महिन्याभरात चढली नाही तर भावाने तिथल्या अधीक्षकांना अर्ज द्यावा, त्यात जुना क्रमांक आणि हलवल्याची तारीख लिहावी. तुमच्याकडच्या मनीऑर्डरीच्या पावत्यांच्या झेरॉक्स वकिलांमार्फत जोडा. म्हणून एकही पावती टाकून देऊ नका. सुटताना उरलेली रक्कम हिशेब करून त्याच्या सहीने परत मिळते. गेटवर गडबडीत सही करायच्या आधी आकडा वाचायला त्याला सांगून ठेवा.

खिशातल्या पैशांचं: अटकेच्या वेळी अंगझडती होते आणि सापडलेली रक्कम पंचनाम्यात लिहिलेली असते. त्याची प्रत वकिलांकडून बघून घ्या. नुसती अंगझडतीत मिळालेली म्हणून नोंद असेल तर ती त्याच्यासोबत कारागृहात जमा झालेली असेल किंवा पोलीस ठाण्यात पडून असेल, तपासी अधिकाऱ्याकडे लेखी मागता येते. मुद्देमाल म्हणून जप्त दाखवली असेल तर मात्र न्यायालयात अर्ज करावा लागेल.

आणि पुढे शिक्षा झालीच तर क्रमांक पुन्हा बदलतो, हिशेबही बदलतो. शिक्षा झालेल्याला कामाची मजुरी मिळते: ऑगस्ट २०२३ पासून कुशलला रोज ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३. ती त्याच्या नावावर चढते आणि त्यातून तो घरीही पाठवू शकतो. तूर्त तो कच्चा कैदी आहे, त्यामुळे घरच्या मनीऑर्डरीवरच त्याचं चालणार.

काळा_कोट

एक भर. हलवण्याबद्दल वकिलांकडून न्यायालयात विचारणा करा. खटला पुण्यात चालू असताना लांब हलवलं तर मामींना मुलाखतीला जाणं अवघड होईल, तारखेला प्रत्यक्ष हजर करणंही कमी होईल. आईचं वय, गावापासूनचं अंतर लिहून अर्ज देता येतो. अर्जासोबत मामींचं आधार कार्ड आणि आजारपणाचे कागद असतील तर जोडा.

नीरा_काठ

मनीऑर्डर थांबवली. मामीचे कागद उद्या वकिलांकडे देते.